खंडेनवमीची सरळ रेघ

"आत येऊ नकोस. आधी घड्याळ काढ, मग खिशातली नाणी, मग चपला. आणि मोबाइल?"

"टेबलावर ठेवलाय."

"मग ये. पण आत बोलायचं नाही. काय बोलायचं ते बाहेर आल्यावर."

नेर्लेकर मॅडमचं आणि माझं पहिलं बोलणं हे एवढंच. मी सांगलीहून आलेला पंचविशीतला इंजिनियर, एका यंत्राला संगणकाची वायर जोडायला आलो होतो, आणि इथं तर देवळापेक्षा कडक सोवळं. देवळात निदान घंटा तरी वाजवू देतात.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत कारखानदारांच्या संघानं चालवलेली वजनमापांची एक प्रयोगशाळा होती. सराफांची, औषध कंपन्यांची, साखर कारखान्यांची वजनं तिथं तपासायला यायची. मॅडम तिच्या प्रमुख. त्यांनी मला ज्या खोलीत नेलं तिला खिडकी नव्हती. मधोमध दगडी ओटा आणि ओट्यावर काचेच्या पेटीत तो तराजू. तराजू म्हटल्यावर दोन पारडी डोळ्यांसमोर येतात, तसलं हे प्रकरण नव्हतं. आत एक गोल तबकडी होती, तिच्यावर चार वजनं ठेवता यायची. बटण दाबलं की तबकडी फिरायची, एक वजन अलगद खाली टेकवायची आणि छोट्या पडद्यावर आकडे उमटायचे. साखरेच्या एका दाण्याचे पन्नास तुकडे करा. त्यातला एक तुकडा एका किलोवर कमी-जास्त झाला तरी त्याला कळायचं.

ओट्याला लागून एक लाकडी स्टूल होतं. त्यावर मॅडम बसल्या, पांढरे सुती हातमोजे चढवले, बटण दाबलं आणि वाट बघत राहिल्या. पाठ ताठ, हात मांडीवर, श्वाससुद्धा मोजून घेतल्यासारखा. साडी सुतीच, कारण नायलॉनच्या साडीची वीज तराजूला बाधते असं त्यांनी मला नंतर सांगितलं. हातात काकण नाही. मी भिंतीला टेकून उभा राहायला लागलो तर नुसत्या भुवईनं मला सरळ केलं.

बाहेर आल्यावर रफिक मुल्लानं मला चहा दिला. हा मॅडमचा मदतनीस, चाळिशीचा, वजनं पुसण्यापासून साहेबांची नक्कल करण्यापर्यंत सगळ्यात वाकबगार.

"काय सांगलीकर, झालं का थोरल्या साहेबांचं दर्शन?"

"थोरले साहेब कोण?"

"आत काचंत बसलेत ते. धाकटे साहेब वर केबिनमधी हाईत. धाकट्यांना काय बी बोललं तर चालतंय. थोरल्यांपुढं शिंकायचं न्हाई."

धाकटे साहेब म्हणजे संचालक इंगवले. त्यांनी दुपारी मला वर बोलावलं. मॅडम आधीच खुर्चीत बसलेल्या होत्या.

"निशिकांत, भानगड काय झालीय सांगतो," इंगवले म्हणाले. "एक किलोचं एकच वजन देशातल्या निवडक प्रयोगशाळांमधून फिरवतात. प्रत्येकानं ते मोजायचं, दुसऱ्याचा आकडा कुणाला माहीत नसतो. शेवटी सगळ्यांचे आकडे शेजारी मांडतात. यंदा आपला वेगळा आला."

"फार?"

"थोडाच. पण इथं थोडाच म्हणजेच चुकला. दिवाळीनंतर ते वजन परत आपल्याकडं येणार आहे. शेवटची संधी. तेव्हाही चुकलो तर आपली पहिली श्रेणी गेली. मग आपण किराणा दुकानातली मापं तपासायची." त्यांनी टेबलावरचा कागददाब इकडचा तिकडं केला. "मला मॅडमबद्दल आदरच आहे हो. पण वय कुणाला चुकलंय? हात कापतो, आकडा लिहिताना डोळा चुकतो. म्हणून म्हटलं, बटणं संगणकानं दाबावीत, आकडे संगणकानंच वाचावेत. माणसाचा हातच नको."

मी मॅडमकडं बघायचं टाळलं. समोर बसलेल्या बाईबद्दल असं बोलतात का? बावीस वर्षांपूर्वी एका गोदामात एका टेबलावर ही प्रयोगशाळा त्यांनी मांडली होती, हे मला रफिकनं चहाबरोबरच सांगितलं होतं. पहिली श्रेणी मिळाली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या हातचे श्रीखंडाचे डबे वाटले होते. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. श्रेणी गेली असती तर बावीस वर्षांवर शेवटचा शिक्का तोच बसला असता.

"माझा हात अजून कापत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण माझ्या म्हणण्याला काय अर्थ आहे? मोजून बघू."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीला भोक पाडून वायर शेजारच्या खोलीत नेली आणि संगणक मांडला. थोड्या वेळानं मॅडम स्वतः प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आल्या.

"मला शिकव."

"मॅडम, मी लिहून देतो ना. तुम्ही फक्त एक बटण दाबायचं."

"तू चार महिन्यांनी सांगलीला जाशील. मग हा बिघडला तर मी याच्याशी कुठल्या भाषेत बोलू?"

मी मनात म्हटलं, चला, दोन दिवसांत कंटाळतील. छप्पन्न वर्षांची बाई, संगणकाला आजवर हात लावलेला नाही. त्या एका बोटानं टंकायच्या, आणि प्रत्येक अक्षरानंतर ते उमटलं का हे बघायला मान वर करायच्या. पण मी जे काही सांगे त्याचं कारण विचारल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायच्या नाहीत. आठवड्याभरात त्यांनी माझ्या प्रोग्राममधली सगळी नावं बदलली. मी इंग्रजीत काहीबाही लांबलचक नावं दिली होती. त्यांनी इंग्रजी अक्षरांतच पण मराठीत लिहिलं: उचल, फिरव, ठेव, वाच.

"उगाच कशाला परक्यासारखं बोलायचं त्याच्याशी," त्या म्हणाल्या.

आमचं पहिलं भांडण झालं ते वेळेवरून. वजन टेकलं की लगेच आकडा वाचायचा असं मी लिहिलं होतं. आकडे नुसते नाचत होते. तराजू खराब आहे असं मी जाहीर करून टाकलं.

"खराब? अरे, पाहुणा उंबरठ्यात आला की पाणीसुद्धा न विचारता 'काय काम काढलंत' असं विचारतात का? बसू दे की त्याला जरा."

मग त्यांनी आणखी एक आज्ञा घातली. तिचं नाव ठेवलं 'दम धर'. वजन ठेवलं की दम धरायचा, आकडा स्थिर झाला की मग वाचायचं. किती वेळ, हे त्यांनी तराजूजवळ काढलेल्या वर्षांवरून सांगितलं, मी नुसतं लिहिलं. आकड्यांचा नाच थांबला. मी हरलो, पण खरं सांगायचं तर मला हरून मजा आली. माझ्या कॉलेजात एकाही मास्तरानं मला वाट बघायला शिकवलं नव्हतं.

मूळ दुखणं मात्र गेलं नाही. दोन जुनी, ओळखीची वजनं तबकडीवर ठेवून आम्ही त्यांच्यातला फरक पुन्हा पुन्हा मोजत होतो. तो तोच यायला हवा, म्हणजे संगणकावर सरळ आडवी रेघ दिसायला हवी. पण रेघ हळूहळू कलायची, वर चढायची, पुन्हा घसरायची. बटणं संगणक दाबत होता, आकडे संगणक वाचत होता, मॅडम आत आपल्या स्टुलावर नुसत्या बसून असायच्या. यंत्र चालू असताना त्याला एकटं सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. कधी काळी तबकडी अडकून एका वजनाला चरा गेला होता, तेव्हापासूनचा. हातमोजे घालून, श्वास सांभाळून त्या तबकडीवर लक्ष ठेवायच्या. मी शेजारच्या खोलीत रेघेवर लक्ष ठेवायचो.

"म्हणजे हात कापत नव्हता, डोळाही चुकत नव्हता," मी एकदा इंगवल्यांना मुद्दाम सुनावलं.

"मग तराजूच गेला म्हणायचा," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "नवा दिवाळीपर्यंत येतोय होय?"

त्या दिवशी मॅडमनी डबासुद्धा उघडला नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी मॅडमना घरी लवकर जायचं होतं, नैवेद्य व्हायचा होता. मोजणीची एक लांबलचक फेरी नुकतीच सुरू केली होती. त्या दारापर्यंत दोनदा गेल्या आणि दोनदा परत आल्या.

"चालू राहू दे. मी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बंद करते," शेवटी त्या म्हणाल्या. बाळाला शेजारणीकडं ठेवून निघालेल्या बाईसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पण सकाळी सगळ्यांच्या आधी रफिक आला. दुसरा दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. अख्खी औद्योगिक वसाहत बंद, प्रत्येक कारखान्याच्या दाराला झेंडू. प्रयोगशाळेत तराजूला हळदकुंकू लावणं शक्यच नव्हतं, त्यामुळं रफिक दरवर्षी त्या खोलीच्या दारालाच हार बांधायचा. एकदा हार चढला की दसरा उलटेपर्यंत ते दार उघडायचं नाही, हा इथला रिवाज. तो पाळण्यात रफिकइतकं कडक कुणी नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा दाराला हार, उंबऱ्यावर नारळ, उदबत्ती लांब ओसरीत, आणि शेजारच्या खोलीत संगणक आपला एकामागून एक आकडे लिहितोय.

"अगं बाई!" मॅडम म्हणाल्या. "निशिकांत, बंद कर. आज त्याला राबवायचं नाही."

मी डोकं खाजवलं. सुरू करायची आज्ञा आधी लिहायची आणि थांबवायची सवडीनं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. "इथून मध्येच तोडलं तर वजन खालीच टेकलेलं राहील. ते उचलायला आत जावं लागेल."

तिघांनी दाराकडं बघितलं.

"हार काढायचा न्हाई," रफिक म्हणाला. "मॅडम, म्या सांगून ठेवतो. मागं एकदा काढला तवा काय झालं ठावं हाय नव्हं?"

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"धाकटे साहेब बदली होऊन आले."

मॅडमना हसू आवरेना. मग त्या गंभीर झाल्या. उघडलं तर रिवाज मोडतो, न उघडलं तर थोरले साहेब खंडेनवमीला कामाला जुंपलेले. बराच विचार करून त्यांनी निवाडा दिला.

"चालू दे. आपण हात लावला नाही ना? तो आपल्या मनानं करतोय."

त्यांनी बाहेरूनच हात जोडले, रफिकनं जिलेबी वाटली आणि आम्ही कुलूप लावून घरी गेलो.

दसरा झाल्यावर सकाळी मी आलो तेव्हा शेजारच्या कारखान्याचा भोंगा होऊन बराच वेळ झाला होता, भट्ट्या पेटल्या होत्या, घण पडत होते. रफिकनं हार उतरवला. मॅडम घाईनं आत गेल्या, सगळं जिथल्या तिथं आहे बघून स्टुलावर बसल्या आणि तिथूनच मला ठीक आहे अशी खूण केली. मी दार लोटून संगणकाकडं वळलो आणि तीन दिवसांची रेघ पडद्यावर काढली.

ती सरळ होती. अशी सरळ की आधी मला वाटलं वायर निसटली, संगणक एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहीत बसलाय. पण नाही. आकडे खरे होते, शेवटचा अंक जिवंत माणसाच्या नाडीसारखा हलत होता, आणि रेघ मात्र पट्टीनं आखल्यागत. मी ओरडलोच. त्या इमारतीत ओरडायची बंदी होती हे मला ओरडून झाल्यावर आठवलं.

सगळे जमले. इंगवलेही खाली आले.

"पूजा लागली बगा!" रफिक म्हणाला.

"पूजा नव्हे रे. भट्ट्या बंद होत्या ना!" इंगवल्यांचा चेहरा एकदम उजळला. "शेजारचे घण! इतकी वर्षं त्यांच्या हादऱ्यानं आपला तराजू हलतोय. सापडला चोर! मी आजच त्यांना नोटीस देतो आणि वरती कळवतो. आपली काही चूकच नाही."

मलाही ते पटलं. किती सोयीचं होतं! मॅडमचा हात निर्दोष, तराजू निर्दोष, माझा प्रोग्राम निर्दोष. दोष भिंतीपलीकडच्या माणसाचा, जो ऐकायला इथं नव्हता.

मॅडम बाहेर येऊन पडद्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"निशिकांत, आज सकाळचा भाग मोठा करून दाखव."

मी दाखवला.

"भोंगा कुठं झाला?"

मी पडद्यावर बोट ठेवलं. बोटाच्या अलीकडं रेघ सरळ. पलीकडंही सरळ. भट्ट्या पेटल्या, घण पडले, तराजूला त्याचा पत्ताही नव्हता. ती कलायला लागली होती ती पार शेवटी, जरा वेळापूर्वी.

"आणि इथं?" मॅडमनी त्या शेवटच्या उतारावर बोट ठेवलं. "इथं काय झालं?"

रफिकच्या हातात अजून तो हार होता.

"हार काढला," तोच हळूच म्हणाला.

"हार काढला आणि मी आत गेले," मॅडम म्हणाल्या.

इंगवले 'छे छे, योगायोग' वगैरे पुटपुटत वर गेले. मॅडमनी बाहेरून दार लावलं आणि आम्हाला दुपारपर्यंत कुणालाही आत सोडू नका असं सांगितलं. रेघ हळूहळू सावरली, पुन्हा आडवी झाली. मग त्यांनी चपला काढल्या.

"मी आत जाऊन बसते. काही करणार नाही. तू रेघ बघ. आणि निशिकांत, मी बाहेर आले की मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

त्या आत गेल्या. मी पडद्याला डोळे लावून बसलो. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधी देवाचा धावा केला नव्हता. ही रेघ हलू देऊ नको रे बाबा, तेवढं एक कर. पण ती हलली. कुणी दोरीनं ओढावी तशी हळूहळू खाली गेली. पलीकडं त्या श्वास रोखून, हात मांडीवर ठेवून, बावीस वर्षांत कमावलेल्या सगळ्या शिस्तीनं निश्चल बसलेल्या होत्या, आणि इकडं रेघ घसरतच होती.

त्या बाहेर आल्या. "काय झालं?"

मी पडदा त्यांच्याकडं वळवला.

"असं," त्या म्हणाल्या.

रफिकला राहवेना. तो न सांगताच चपला काढून आत गेला आणि त्याच स्टुलावर जाऊन बसला. मॅडमनी अडवलं नाही. रेघ सावरल्यावर पुन्हा तशीच घसरली. तो बाहेर येऊन उड्याच मारायला लागला.

"बगा मॅडम, माझं बी तसंच! सांगलीकरला बसवा, त्याचं बी तसंच व्हतंय. ह्यात तुमचं काय?"

"तसंच होणार रे. माणूस म्हणजे शंभर वॅटचा पेटता दिवाच. अंगाची ऊब त्या काचेपर्यंत जाते, आतली हवा हलते, आणि त्याला ती कळते. हे मी पुस्तकात वाचलंय, पोरांना शिकवलंय. दुसरं कुणी फार वेळ आत थांबलं तर मी हाकलून द्यायचे, ते याच कारणानं." त्या माझ्या खुर्चीत बसल्या. "फक्त स्वतःला कधी माणसात धरलं नाही. मला वाटायचं, मी इतकी हळू बसते, मी कुठं आहे तिथं? काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"पण तुम्ही त्याची राखण करत होता," मी म्हटलं.

"हो ना. तेच तर."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, सांगायला लाज कसली? रफिक उगाचच टेबल पुसत बसला.

संध्याकाळी इंगवल्यांच्या केबिनमध्ये जे झालं ते मी प्रत्यक्ष ऐकलं, कारण आकडे दाखवायला मला सोबत नेलं होतं.

"मॅडम, ऐका माझं," इंगवले म्हणाले. "घणाचे हादरे असंच लिहू. त्या कारखानदाराच्या केसालाही धक्का लागत नाही. तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. जाता जाता हे कशाला अंगाला लावून घेता?"

"साहेब, प्रश्न अंगाचाच आहे."

"थट्टा नाही करत मी."

"मीही नाही. घण म्हणून लिहिलं तर पुढचा माणूस घण थांबवील आणि पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसेल. मग ही खोली कधीच बरी होणार नाही." त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन त्यांच्यासमोर सरळ केला. "कारणाच्या रकान्यात लिहा, मोजणाऱ्या व्यक्तीची खोलीतली उपस्थिती. खाली माझं नाव. खालच्या श्रेणीच्या वजनांना याचा फरक पडत नाही, त्यांना चुकीची मुभा पुष्कळ असते, मी हिशेब करून बघितला. वरच्या श्रेणीची जी मोजकी वजनं मी मोजून दिली ती मात्र परत मागवायची. फोन मीच करते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईनं चूक केली. केलीच आहे."

इंगवल्यांनी पेन उचललं. त्या माणसाला मी पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण त्या दिवशी त्यांनी मॅडम सांगतील ते जसंच्या तसं लिहिलं, आणि उठून उभं राहून त्यांना दारापर्यंत पोचवलं.

ते फोन मी ऐकले. "नमस्कार, मी नेर्लेकर. तुमचं वजन मी मोजलं होतं, त्यात माझ्याकडून दोष राहिला आहे. पुन्हा पाठवता का?" एवढंच, न अडखळता, प्रत्येकाला. पलीकडून कुणी कुरकुर केली तरी यांचा आवाज चढला नाही. मी वयानं अर्धा, पण माझ्या प्रोग्राममधली बारीकशी चूक कुणी दाखवली तरी चार कारणं तयार ठेवणारा. त्या फोनच्या खोलीबाहेर उभा राहून मी जे शिकलो ते मला कुठल्याच पगारात मिळालं नसतं.

दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी प्रोग्राम पुरा केला. आता तो नुसता वाचणारा नको होता, खोलीत माणूस नसताना सगळं निभावणारा हवा होता. तबकडी अडकली तर काय? वीज गेली तर काय? आकडा वेडावाकडा आला तर काय? स्टुलावर बसून ज्या ज्या गोष्टींवर मॅडम लक्ष ठेवायच्या, त्या त्यांनी एकेक करून आठवल्या आणि एका बोटानं त्यात उतरवल्या. मी फक्त स्वल्पविराम तपासायचो. स्वतःची जागा दुसऱ्याला देताना लोक काहीतरी हातचं राखून ठेवतात, मी पुढं नोकऱ्यांमधून हे पुष्कळ पाहिलं. या बाईनं काहीच राखून ठेवलं नाही.

ते फिरतं किलोचं वजन आलं. मॅडमनी लांब चिमट्यानं ते तबकडीवर ठेवलं, काच लावली आणि बाहेर येताना स्टूल उचलून घेऊन आल्या. रफिकनं ते ओसरीत ठेवलं. मग दोन दिवस दार बंद. मोजणी चालू असताना मॅडम शेजारच्या खोलीत माझ्याजवळ बसल्या होत्या. रफिकनं चहा आणला. त्यांनी सवयीनं नको म्हणून मान हलवली, मग थांबल्या आणि कप घेतला. मोजणी चालू असताना चहा पिण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

"कसा झालाय, मॅडम?"

"साखर जास्त आहे."

"मोजूनच घातलीय."

"म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या आणि तिघंही हसलो.

आमचा आकडा इतर प्रयोगशाळांच्या आकड्यांमध्ये अगदी मधोमध बसला. पहिली श्रेणी राहिली. पत्र आलं त्या दिवशी इंगवल्यांनी पेढे वाटले, आणि रफिकनं थोरल्या साहेबांच्या वाट्याचा पेढा मला खायला लावला.

पुढच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. मी तोवर पुण्याला नोकरीला लागलो होतो, निरोप समारंभाला मुद्दाम आलो. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. फोटोवाला म्हणाला, मॅडमचा त्या मशिनबरोबर एक घेऊ या. तेव्हा मला कळलं की चिमट्यानं वजन ठेवायचं कामही त्यांनी त्यानंतर रफिकलाच शिकवलं होतं. त्या स्वतः वर्षभरात एकदाही आत गेल्या नव्हत्या. फोटो अंगणातच निघाला.

पांगापांग झाल्यावर मी आणि रफिक त्यांना खोलीच्या दाराशी घेऊन गेलो.

"मॅडम, आज मोजणी लावलेली नाही," मी म्हटलं. "पाच मिनिटं जाऊन या. आम्ही बाहेर उभे राहतो."

त्यांनी शाल माझ्या हातात दिली. चपला काढल्या. हातातलं घड्याळ काढून रफिककडं दिलं. कडीला हात घातला आणि तशाच थांबल्या.

"आत कुणाचं वजन आहे का रे?"

रफिक चाचरला. खोटं त्याला जमलं असतं, पण त्यांच्यापुढं नाही. "हाय. हुपरीच्या एका चांदीवाल्याचं. उद्या मोजायचंय. सकाळीच ठेवलंय, खोलीइतकं निवायला."

मॅडमनी कडीवरचा हात काढला.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याचं नीट होऊ दे."

त्यांनी चपला घातल्या, घड्याळ बांधलं आणि रिक्षा बोलावायला मला पुढं पाठवलं.